दोन मुठी बावची

अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, हॉटेलच्या पुढच्या हॉलमधून मागं पाठवलं तेव्हा मी चौथीत होते. चेन्नईत वाढप्याला सप्लायर म्हणतात. अप्पा सैदापेटच्या एका शाकाहारी हॉटेलात सप्लायर होते, आणि चांगले होते. चार टेबलांची ऑर्डर कागदावर न लिहिता लक्षात ठेवायचे, एका हातावर पाच डोशांच्या थाळ्या तोलत यायचे. मग त्यांच्या कोपरांवर आणि हातांच्या मागच्या बाजूला चट्टे उठले. लाल, वर पांढरे पापुद्रे. एका गिऱ्हाइकानं मालकाला बोलावून विचारलं, "याच्या हातचं आम्ही खायचं?"

मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं अप्पांना मागं भाजी चिरायला बसवलं. मागचे लोक म्हणाले, चिरलेल्या भाजीत पापुद्रे पडतात. मग इडलीच्या पिठाच्या ग्राइंडरवर ठेवलं. तिथंही तेच. शेवटी मालक म्हणाला, "थोडे दिवस घरी विश्रांती घ्या." ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि पडद्याआड स्वयंपाक. अप्पा घरी बसले तेव्हा आईनं नलंगु मावु करायला घेतलं. मराठीत त्याला उटणं म्हणता येईल, पण हे दिवाळीपुरतं नसतं, इथल्या बायका आठवड्यातून दोनदा त्यानं न्हातात. मूग, कस्तुरी हळद, वाळा, सुकवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, आणखी आठ-दहा वस्तू गच्चीवर वाळवायच्या आणि गिरणीत नेऊन दळायच्या. गिरणीत शिकेकाईचं आणि याचं जातं वेगळं असतं, त्याचा दिवसही ठरलेला असतो. आईचं पीठ बारीक आणि वासाचं. महिन्याभरात गल्लीतल्या बायका डबे घेऊन यायला लागल्या.

आता गंमत बघा. ज्या घरातून अंगाच्या कातडीसाठी पीठ जायचं, त्याच घरात कातडीचं हे दुखणं बसलेलं. फाटक वाजलं की अप्पा पेपर घेऊन पडद्यामागं जायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, आईनंही नाही. बाई तासभर गप्पा मारत बसली तर तासभर तिथंच, गॅसजवळच्या स्टुलावर, पान न उलटता. पान उलटलं तर आवाज होतो ना. पुढं अण्णा नगरमध्ये एका अपार्टमेंटवर त्यांना वॉचमनचं काम मिळालं, पूर्ण बाह्यांच्या युनिफॉर्मचं. मे महिन्याच्या उकाड्यातही त्या बाह्या त्यांनी कधी दुमडल्या नाहीत.

या घरातून मी बी.एस्सी. फिजिक्स झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि मिरवणारच. गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्यात मला क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा मिळाली. आमच्याकडं इंधनपंपात बसणाऱ्या पोलादी पिना होतात, बोटाएवढ्या, आरशासारख्या घासलेल्या. माझं काम प्रत्येक पिन डायल गेजखाली धरून तिची जाडी मायक्रॉनमध्ये तपासण्याचं. गेजचं टेबल कारखान्याच्या पुढच्या हॉलमध्ये, काचेमागं. येणारा प्रत्येक पाहुणा आधी आम्हाला बघतो. एक वर्षाचं प्रोबेशन, जूनपासून जूनपर्यंत. मग कायम.

सप्टेंबरमध्ये माझ्या उजव्या तळव्यावर चट्टा उठला.

मी त्याला आधी तेलाची ॲलर्जी म्हटलं. मग कोरडेपणा म्हटलं. चार आठवड्यांत दोन्ही तळवे आणि सहा बोटं जाड झाली, सोलली, आणि रेषांवर चिरली. मूठ मिटली की भेगेतून रक्त. सकाळी कंगवा धरताना, बसचा दांडा धरताना, भाताचा घास कालवताना. सांबार भेगेला लागलं की डोळ्यांतून पाणी. मी चमच्यानं जेवायला लागले, आणि अप्पा माझ्या चमच्याकडं बघून स्वतःच्या ताटात मान घालायला लागले. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. मला नंतर कळलं की त्यांना कळलं होतं.

एकदा मी त्यांना बोलले. काय बोलले ते लिहिणं भाग आहे. मी म्हटलं, "तुमच्याकडून मला दुसरं काय मिळालं?"

आई ओरडली, "तोंड सांभाळ!"

अप्पा म्हणाले, "बोलू दे. दुसरं काय दिलंय मी?" आणि ड्यूटीला निघून गेले.

ऑक्टोबरमध्ये गिऱ्हाईक कंपनीकडून पिनांचा एक खोका परत आला. आमचे क्वालिटीचे साहेब मूळ कोल्हापूरचे. कारखान्यात मराठी कळणारे आम्ही दोघंच, त्यामुळं इतरांनी ऐकू नये असं काही असलं की ते माझ्याशी मराठीत बोलत. माझ्या तंजावरी मराठीला, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या घराण्यातल्या मराठीला, ते हसायचे, "निम्मी तमिळ, निम्मी पुराणातली," म्हणायचे, पण त्यांच्याचमुळं मी पुस्तकातलं मराठी वाचायला-लिहायला लागले. त्या दिवशी त्यांनी एक पिन माझ्यासमोर ठेवली. चकचकीत पोलादावर गंजाचा एक स्पष्ट ठसा; ओलं बोट लागलं की तिथं पोलाद गंजतं. बोटाच्या रेषा मोजता येतील इतका स्पष्ट.

"ही सही कुणाची गं?"

मी हात टेबलाखाली घेतले.

"वर काढ की. मी काय मारतोय?"

मी वर काढले. त्यांनी बघितलं आणि पिन बाजूला सरकवली. मग म्हणाले, "हे बघ. तुझं डोकं चांगलं आहे. मागं ऑफिसात फायलींचं काम आहे. हात बरे होईतोवर तिकडं बस. जूनमध्ये तिथंच कायम करून टाकू, चिठ्ठी मी देतो."

दुसऱ्या कुणाला हे भलं वाटलं असतं. मला हॉटेलातली भाजी चिरण्याची पाटी दिसली.

"सर, मला मागं बसवू नका."

"अगं, पगार तोच राहील."

"मागं बसवलं की माणूस पुन्हा पुढं येत नाही, सर. मी पाहिलंय. मला जूनपर्यंत वेळ द्या. हात नीट झाले नाहीत तर मीच जाईन. मागं नाही, घरी."

त्यांनी कपाळाला हात लावला. "तंजावरचं पाणी भलतंच खारं दिसतंय," म्हणाले. पण वेळ दिला. तोपर्यंत ग्लोव्हज घालायचे आणि पिन चिमट्यानं उचलायची. ग्लोव्हजमध्ये घाम साचून भेगा आणखी भिजायच्या, आणि चिमट्यानं माझा वेग निम्म्यावर आला. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणायची, "काय मा, ऑपरेशन चाललंय? टाके घालताना सांग, बघायला येते."

सरकारी इस्पितळाच्या त्वचा विभागात डॉक्टरम्मांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले, नखं पाहिली, आणि विचारलं, "घरात कुणाला?"

"अप्पांना."

"सोरायसिस. लागण होत नाही, कुणाला होणार नाही. घराण्यातून येतो. मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही. दाबून ठेवता येतो." मलमं मी दीड महिना लावली होती, त्यानं काही फरक पडला नव्हता. डॉक्टरम्मांनी प्रकाशाचा उपचार लिहून दिला. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठ वाजता.

घरी येऊन मी दिवस सांगितले तर आईचा चेहरा उजळला. इथं बायकांचं तेल लावून न्हाण्याचे दिवस मंगळवार आणि शुक्रवारच. पुरुषांचे बुधवार-शनिवार. आई लाडानं म्हणाली, "बघ कण्णा, दिवससुद्धा आपलेच मिळाले. न्हाऊन-माखून स्वच्छ जायचं दिव्यासमोर."

असं ते सुरू झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे आई माझ्या डोक्याला आणि अंगाला तिळाचं तेल चोळायची, मग तिच्या पिठानं घासून न्हाऊ घालायची, आणि मी ओल्या केसांनी इस्पितळाच्या रांगेत उभी राहायची. कारखान्यानं मला त्या दोन दिवशी दोन तासांची पर्मिशन दिली होती.

प्रकाशाचं यंत्र म्हणजे एक पेटी. वर-खाली पांढऱ्या नळ्या, मधल्या फटीत हात घालायचे. डोळ्यांना काळा गॉगल. सिस्टर बटण दाबते, नळ्या निळ्या-जांभळ्या पेटतात, थोडी ऊब लागते, आणि टायमर वाजला की संपलं. पहिल्या दिवशी काही सेकंद. पुढं दर वेळी थोडे थोडे वाढवत न्यायचे. माझ्या पुढं एक ऑटोवाला असायचा, त्याचे तळपाय माझ्या तळव्यांसारखे. तो पाय आत घालून दर वेळी म्हणायचा, "सिस्टर, वडे लालसर झाले की सांगा, उलटतो."

सिस्टर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची. "आज काही लावलंय का? मलम, तेल, क्रीम?"

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "सकाळी तेल होतं, धुतलं."

"धुतलं ना साबणानं? मग ठीक. दुसरं काही?"

"नाही."

ते "नाही" मी पुढं प्रत्येक खेपेला म्हटलं. माझ्या डोक्यात लावणं म्हणजे मलम लावणं. न्हाणं म्हणजे न्हाणं. साबणाला कुणी लावलेलं औषध म्हणतं का? मी तर फिजिक्सची. अतिनील किरणांवर कॉलेजात मी पाच पानी उत्तर लिहिलं होतं. नळ्यांतून काय येतंय ते त्या खोलीत मला सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं. माझ्या कातडीवर काय आहे, तेवढं ठाऊक नव्हतं.

डिसेंबरच्या शेवटी तळवे थोडे मऊ झाले. डाव्या हाताच्या दोन बोटांच्या भेगा मिटल्या. सिस्टर म्हणाली, "लवकर उतरतंय तुझं." हातांची मागची बाजू मात्र काळवंडत होती, तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. आईला वाटलं तिच्या पिठाचा गुण. मी म्हटलं, दिव्याचा. ती म्हणाली, "दिवा दोन महिन्यांचा. माझं पीठ बारा वर्षांचं."

पोंगलच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या, आधी गिऱ्हाइकांसाठी मोठं दळण निघतं. त्या वेळी आईनं माझ्यासाठी एक वेगळा डबा दळला. त्यात काय जास्त घातलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पोंगलनंतरच्या शुक्रवारी तिनं ते पीठ तेलात कालवून माझ्या तळव्यांवर, बोटांवर, मनगटांपर्यंत जाड थापलं आणि मला अर्धा तास तसंच बसवलं. "हलू नको. मुरू दे." मग नुसत्या पाण्यानं धुतलं, तेलाचा ओशटपणा राहिला तसाच.

सिस्टरनं विचारलं, "काही लावलंय?"

"नाही, सिस्टर."

त्या दिवशी मी नेहमीसारखी इस्पितळातून निघाले, उन्हात बसस्टॉपवर वीस मिनिटं उभी राहिले, गिंडीला गेले, पिना मोजल्या. रात्री हात चुरचुरले. शनिवारी लाल. रविवारी सकाळी दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला फोड आले होते, द्राक्षांएवढे, मनगटाभोवती बांगडीसारखे. तळव्यांच्या मऊ झालेल्या जागा जळून पुन्हा फाटल्या होत्या. मला वेणी घालता येत नव्हती, नळ उघडता येत नव्हता, सलवारची गाठ बांधता येत नव्हती. आईनं भरवलं. एकवीस वर्षांची पदवीधर मुलगी, आणि आई दहीभात भरवतेय. तिसऱ्या घासाला मी तोंड फिरवलं.

डॉक्टरम्मांनी प्रकाश बंद केला. मशीन तपासलं, ते ठीक होतं. त्या दिवशी त्याच मशीनवर बसलेल्या इतर कुणालाही काही झालं नव्हतं. कारण सापडत नव्हतं, आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा दिवा नाही.

पट्ट्या बांधलेले हात घेऊन मी कारखान्यात गेले. साहेबांनी बघितलं आणि नुसतं म्हणाले, "आता तरी ऐक की."

"जून, सर."

"फेब्रुवारी लागला, बाई."

फोड फुटले, सुकले, आणि जिथं जिथं भाजलं होतं तिथं नवे चट्टे उठायला लागले. आता हातांच्या मागच्या बाजूलाही. अगदी अप्पांच्या हातांसारखे. मी माझे हात मांडीवर ठेवले की ते हात त्यांचे वाटायचे. एका संध्याकाळी कामावरून परतल्यावर बूट सोडताना त्यांनी माझे हात बघितले, एक बूट पायात तसाच ठेवून ते दारातच बसले, आणि तोंडावर रुमाल धरला. मी त्यांच्याजवळ गेले नाही. जायला हवं होतं. माझ्याकडं तेव्हा दुसऱ्या कुणाच्याही दुःखाला जागा नव्हती. मी राजीनाम्याचा कागद लिहून पर्समध्ये ठेवला होता, इंग्रजीत, एकही चूक नसलेला.

पुढच्या तपासणीला आई माझ्याबरोबर आली, कारण मला अजून पर्स उघडायलाही त्रास होत होता. येताना तिनं सिस्टरसाठी भेट आणली. स्टीलचा डबा, वर कापड बांधलेलं. नलंगु मावु. हिचं एवढं करतात, त्यांना काही द्यायला हवं, असं तिचं म्हणणं.

सिस्टरनं झाकण उघडून वास घेतला. "आहा! काय वास आहे, मा. काय काय घालता?"

आईला हा प्रश्न फार आवडतो. ती खुर्चीत सरळ बसली आणि बोटांवर मोजत सुरू झाली. "हिरवे मूग, हरभऱ्याची डाळ. कस्तुरी मंजळ, साधी हळद नाही, तिनं तोंड पिवळं होतं. वाळा. कचोरा. तरवडाची फुलं, सावलीत वाळवलेली. गुलाबाच्या पाकळ्या. कार्पोगरिसी एक मूठ…"

टेबलापलीकडं माझा कागद लिहिणाऱ्या डॉक्टरम्मांचं पेन थांबलं. "काय म्हणालात?"

"कार्पोगरिसी, डॉक्टरम्मा. काळं बी असतं." कार्पोगरिसी म्हणजे आपली बावची. "एक मूठ सगळ्यांसाठी. हिच्या डब्यात दोन घातल्या. औषधाच्या दुकानातला म्हातारा म्हणाला, चट्ट्याला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही."

"आणि हे हिच्या हाताला कधी लावता?"

"दिव्याच्या दिवशीच! मंगळवारी, शुक्रवारी. न्हाऊ घालूनच पाठवते."

मग सिस्टर माझ्याकडं वळली. "ए मा, तुला दर वेळी विचारत होते ना मी? काही लावलंय का म्हणून?"

"मला वाटलं… आंघोळ ती. लावणं कुठं आहे त्यात?"

डॉक्टरम्मांनी आईला समजेल असं सांगितलं. त्या बीमध्ये असं काही असतं की कातडी उजेड जास्त पिते. साध्या न्हाण्याच्या पिठात सगळ्या दळणाला मिळून एकच मूठ असते, आणि ती लगेच धुऊन जाते, म्हणून कुणाला कळलं नाही. पण लेप करून ठेवला, वर त्यांच्या नळ्या, वर चेन्नईचं ऊन, तर दुसरं काय होणार? "अम्मा, त्याच जातीचं औषध लावून आम्हीही कधी कधी प्रकाश देतो. पण थेंब ठरवून, वेळ ठरवून, नंतर हात झाकून."

आई हळूच म्हणाली, "म्हणजे मी दिलं ते औषधच होतं?"

"औषधच होतं. किती दिलंत ते तुम्हाला ठाऊक नाही आणि मला पण नाही. गोंधळ तिथं झाला."

आईनं डब्याचं कापड पुन्हा बांधलं. बाहेर आल्यावर बसस्टॉपवर ती मला म्हणाली, "मी भाजलं तुला." मी म्हटलं, "मी वीसेक वेळा नाही म्हणाले, आई. फिजिक्स मी शिकले, तू नाही." ती ऐकत नव्हती. बस आली तरी ती चढेना, मी ओढून चढवली, पट्टीच्या हातानं.

त्या आठवड्यात तिनं जे केलं ते माझ्याच्यानं झालं नसतं. पोंगलच्या दळणातलं पीठ ज्या ज्या घरी गेलं होतं, त्या प्रत्येक घरी ती गेली, आणि अप्पांना बरोबर नेलं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. तिनं सांगितलं, हे पीठ परत द्या, यात एक बी आहे, लावून उन्हात जाऊ नका, माझ्या मुलीचे हात भाजले. आणि हे माझे यजमान, यांनाही हे दुखणं आहे, बारा वर्षं मी तुमच्यापासून लपवलं.

दोन घरांनी फाटक लावून घेतलं. एका बाईनं डबा परत दिलाच, शिवाय हात धुवायला आत गेली, हे आईला दिसेल अशा बेतानं. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मामींनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि अप्पांना विचारलं, "म्हणजे मी तुमच्याकडं बसून गप्पा मारायचे तेव्हा तुम्ही पडद्यामागं होता?"

अप्पा म्हणाले, "हो."

"माझ्या सुनेबद्दल बोलायचे ते सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"शिव शिव! आता तर तुम्हाला बाहेरच बसवायला हवं." आणि त्यांनी दोन महिन्यांचं पीठ सांगून ठेवलं, बावचीशिवायचं.

मार्चमध्ये डॉक्टरम्मांनी लेझर सुचवलं. पेटीतल्या नळ्या सगळ्या हातावर प्रकाश टाकतात, चांगल्या कातडीवरही. लेझरचा टॉर्चएवढा दांडा फक्त चट्ट्यावर टेकवायचा, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, बाकीच्याला स्पर्श नाही. त्या म्हणाल्या, "जाड तळव्याला वेळ लागेल. आणि मी हमी देत नाही." मी म्हटलं, "जूनपर्यंत होईल का तेवढं सांगा." त्या म्हणाल्या, "कातडीला जून कळत नाही."

पहिल्या दिवशी सिस्टरनं प्रश्न बदलला होता. "आज न्हालीस कशानं?"

"साध्या साबणानं."

"तेल?"

"नाही."

"आईनं काही?"

"आईनं मला हातही लावला नाही." हे खरं होतं. त्या दिवसापासून मंगळवारी-शुक्रवारी पहाटे आई उठायची, बंब तापवायची, आणि मला शिवायची नाही. बाहेर उभी राहून विचारायची, "पाणी कढत आहे का?"

लेझरचा आवाज टिक, टिक, टिक. चट्ट्यावर दांडा टेकवायचा, टिक, उचलायचा, शेजारी टेकवायचा. रबर ओढून सोडल्यासारखं लागायचं. डॉक्टरम्मा स्वतः करत आणि एका हातानं कागदावर खुणा करत. पहिल्या तीन खेपांना काहीच झालं नाही. चौथ्या खेपेनंतर उजवा तळवा लाल झाला, आणि मी दोन दिवस फोडांची वाट बघत काढले. पर्समधला राजीनामा मी तेव्हा पुन्हा वाचला. फोड आले नाहीत. पाचव्या खेपेला मी डॉक्टरम्मांना म्हटलं, "राहू दे का?" त्या वर न बघता म्हणाल्या, "दुसरा हात."

सातव्या-आठव्या खेपेला चट्ट्यांच्या कडा पातळ झाल्या. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मी दार बंद करताना मूठ मिटली, आणि दुखलं नाही. मी पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. आईला सांगितलं नाही. तीन दिवस कुणालाच सांगितलं नाही, इतकी मला त्या हातांची भीती बसली होती.

कारखान्यात तोपर्यंत चिमटाच. वेग निम्मा, म्हणून मी शिफ्ट संपल्यावर तासभर जास्त बसायची. शेजारची बाई आता टोमणे मारत नव्हती, तिनं एकदा न बोलता माझ्या ट्रेमधल्या पंचवीस पिना स्वतःच्या ट्रेमध्ये ओढून घेतल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी दहा पिना टेबलावर मांडल्या. नव्या इन्स्पेक्टरला कायम करण्याआधी ही परीक्षा होते. दहा पिना, प्रत्येक तीनदा मोजायची, उघड्या हातांनी, आधीचा आकडा न बघता. तिन्ही वेळा आकडा जुळायला हवा. मग त्याच पिना दोन दिवस तशाच उघड्या ठेवायच्या, गंजाचा ठसा उमटतो का ते बघायला.

"ग्लोव्हज काढ," ते म्हणाले.

मी काढले. त्यांनी हात बघितले नाहीत, खिडकीकडं बघत उभे राहिले. मी तीस आकडे लिहिले.

दोन दिवसांनी त्यांनी पिना भिंगाखाली धरल्या. एकेक करून दहाही. मग माझ्याकडं सरकवल्या. "तुझी सही दिसत नाही कुठं."

हात पूर्ण बरे झाले असं मी म्हणत नाही. उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी एक चट्टा आहे, आणि डॉक्टरम्मा म्हणतात तो कधीही पसरू शकेल, तेव्हा पुन्हा लेझर. हातांच्या मागच्या बाजूला भाजल्याचे काळे डाग आहेत. आईचं पीठ अजून गिरणीत जातं, बावचीशिवाय, पूर्वीपेक्षा कमी घरी. अप्पांनी बारा वर्षांनंतर त्वचा विभागाचा कागद काढला, आणि आता तेही मंगळवारी-शुक्रवारी पेटीच्या नळ्यांत हात घालून बसतात, त्या ऑटोवाल्याच्या पुढं.

मला जूनमध्ये कायम केलं. पुढच्या हॉलमध्ये, गेजच्या टेबलावर.